शिरपेच, तुरा आणि गोषवारा

प्रश्न : आमच्या परभणीकडे एखाद्या शाळेचा निकाल चांगला लागला की दुसऱ्या दिवशीची बातमी ठरलेली असते : 'शाळेच्या शिरपेचात मानाचा तुरा'. वर्गात अर्थ विचारला तेव्हा बहुतेक मुलांनी शिरपेच म्हणजे फेटा असे सांगितले. एकाने 'शिर' आहे म्हणून शब्द संस्कृत असावा असे सुचवले. मूळ अर्थ कोणता? आणि शिरपेच हाच जर दागिना असेल, तर दागिन्यात तुरा खोवणार कसा?

उत्तर : शब्द फारसी आहे. 'सर' म्हणजे डोके आणि 'पेच' म्हणजे वळसा किंवा पीळ. पतंगांचा पेच, डावपेच, पेचप्रसंग या सगळ्यांत तोच पेच आहे. मराठीने 'सर'चे 'शिर' करून घेतले, पण फारसी 'सर' आणि संस्कृत 'शिरस्' मुळात एकाच घराण्यातले असल्यामुळे आपल्या विद्यार्थ्याला पूर्ण चूक ठरवण्यास मी धजावणार नाही.

दरबारी अर्थाने शिरपेच म्हणजे पागोट्यावर, कपाळाच्या वरच्या बाजूस, रेशमी दोऱ्यांनी बांधायचा रत्नजडित दागिना. मोगल चित्रांत आधी पागोट्यात खरे पीस दिसते. पुढे त्याच पिसाचा आकार, टोकाशी झुकलेला आणि त्या टोकाला मोती किंवा पाचू लोंबणारा, सोन्यात घडवला जाऊ लागला. अठराव्या शतकात त्याला दोन्ही बाजूंनी बिजागरीने जोडलेले पंख आले आणि शिरपेच कपाळभर पसरला. शिरपेच, जिगा, कलगी, तुरा, कंठी ही नावे मराठी दरबारांतही रुळली, कारण खिलतीच्या, म्हणजे दरबारातून सन्मानार्थ मिळणाऱ्या, वस्त्रांबरोबर हे दागिने बहाल करण्याची रीत होती.

तुरा खोवण्याच्या शंकेचे उत्तर मला आमच्या संभाजीनगरच्या सराफ्यात मिळाले. एका वृद्ध कारागिराकडे दुरुस्तीला आलेला जुना शिरपेच त्यांनी माझ्यासमोर उलटा धरला. पुढून कुंदनात बसवलेले हिरे होते. मागे, जिथे पागोट्याशिवाय कुणाची नजर जाणार नाही, तिथे पांढऱ्या मिन्यावर लाल फुले आणि हिरवी पाने होती, आणि बरोबर मध्यभागी करंगळीहून बारीक अशी सोन्याची एक नळी डाक देऊन बसवलेली होती. पिसाचा देठ त्या नळीत बसतो. तेव्हा 'शिरपेचात तुरा खोवणे' हा प्रयोग निर्दोष आहे. शिरपेचाला फेटा समजणाऱ्यांनाच तो सोपा वाटतो, ही गंमत वेगळी.

निजामाचे जडजवाहीर भारत सरकारने 1995 मध्ये 218 कोटी रुपयांना विकत घेतले. त्या 173 नगांत शिरपेच आहेत, बाजूबंद आहेत, आणि बसरा मोत्यांचा 'सातलडा' आहे. आपण त्याला सातपदरी म्हणू. 'लड' आपल्याकडे आता फटाक्यांपुरती उरली.

प्रतिसाद : या यादीत 'गोषवारा' घालावासा वाटतो. फारसीत 'गोश' म्हणजे कान आणि 'गोशवारा' म्हणजे कानातला दागिना. हिशेबाचा सारांश हा अर्थही फारसी-उर्दूत त्याच शब्दाला आहे. मराठवाड्याचे दप्तर 1948 पर्यंत उर्दूत चाले, त्यामुळे आमच्या आजोबांच्या तोंडी हा शब्द 'श'नेच यायचा. 'ष' लिहिला की ते पेन्सिलीने खूण करत. मराठीने दागिना सोडून हिशेब तेवढा ठेवला, याचे कारण मला असे वाटते की पुरुषांच्या कानासाठी भिकबाळी आणि चौकडा हे शब्द आपल्याकडे आधीच होते, नव्या नावाला जागाच नव्हती. 'सर'चे 'शिर' झाले तसेच 'श'चा 'ष' होऊन या शब्दालाही सोवळे नेसवले गेले.

मूळ प्रश्नकर्ता : दोघांचाही आभारी आहे. 'तुरा' मात्र आमच्याकडे दरबारातून थेट शेतात उतरलेला दिसतो. फडातल्या उसाला तुरे आले की कुणालाच मान वाटत नाही. तोड लांबली, आता वजन घटणार, एवढीच चिंता असते. उद्या वर्गात बातमीतला तुरा आणि उसाचा तुरा शेजारी शेजारी लिहिणार आहे.