मालगाडीचे इंजिन मदतीला आले तेव्हा

भारतीय रेल्वेवर प्रवासी गाडीचे इंजिन वाटेत फेल झाले की पुष्कळदा जवळच्या लूप लाइनवरील (स्थानकातल्या बाजूच्या रुळावरील) मालगाडीचे इंजिन काढून तिला जोडतात. अशा गाडीतून ज्यांनी प्रवास केला किंवा हे काम ज्यांनी स्वतः केले, त्यांनी आपला अनुभव अवश्य लिहावा. सुरुवात माझ्यापासून करतो.

आमची एक्स्प्रेस एका लहानशा स्थानकात दोन तास उभी होती. शेवटी शेजारच्या रुळावरील मालगाडीचे इंजिन सुटले आणि पुढे जाऊन, रूळ बदलून हळूहळू आमच्याकडे मागे येऊ लागले. पॉइंट्समन (गाड्या जोडणारा कर्मचारी) दोन्हींच्या मध्ये वाकून शिरला, त्याने कपलिंग लावले, ब्रेक पाइप आणि फीड पाइप जोडून कॉक उघडले, तेव्हा हवेचा जो फुसकारा झाला तो ऐकून फलाटावर उतरलेली माणसे आपणहून डब्यांत चढली. त्या पॉइंट्समनचे कोपरापर्यंत काळे झालेले हात मला आजही दिसतात.

निवृत्त लोको पायलट: डब्ल्यूएजी-9 या मालवाहू इंजिनावरूनच डब्ल्यूएपी-7 हे प्रवासी इंजिन तयार झाले. दोन्हींची ताकद 6000 अश्वशक्तीहून अधिक आहे, पण गिअरचे प्रमाण वेगळे असल्यामुळे पहिल्याचा वेग ताशी 100 किलोमीटरपर्यंत आणि दुसऱ्याचा 140 पर्यंत जातो. त्यामुळे मालगाडीच्या इंजिनामागे उशीर भरून निघत नाही, हे प्रवाशांनी समजून घ्यावे. मी मात्र अशा वेळी गाडी नेहमीपेक्षाही अलगद उचलत असे, कारण हजारो टन ओढण्यासाठी बनवलेल्या इंजिनाचा जोर प्रवासी डब्यांना झटक्यासारखा जाणवतो. दोन स्थानकांच्या मध्ये गाडी अडकली तर काम अधिक जोखमीचे होते. तेव्हा गाडीपासून 600 मीटरवर एक आणि 1200 मीटरवर तीन फटाके (चाकाखाली येताच वाजणारे इशाऱ्याचे बार) रुळावर लावलेले असतात, आणि मदतीचे इंजिन त्यांच्या आवाजाकडे कान लावून सावकाश पुढे सरकते.

एसी डब्यांचा मेकॅनिक: ज्या एलएचबी (नव्या धाटणीच्या डब्यांच्या) गाड्यांना वीज इंजिनातून मिळते, त्यांना मालगाडीचे इंजिन लागले की पॉवर कारमधले, म्हणजे गाडीला वीज पुरवणाऱ्या डब्यातले, डिझेल जनरेटर सुरू करावे लागतात. मधली काही मिनिटे डबे अंधारात असतात. त्या वेळी लहान मुले असलेल्या कुटुंबांना आधी जाऊन धीर देणे मी माझे कामच मानले.

घाटातला नेहमीचा प्रवासी: कसारा आणि बोरघाटात चढ 1:37 (37 मीटरमागे 1 मीटर) असल्यामुळे तिथे गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिने लागतात, आणि तीही बहुधा मालवाहूच असतात. आमच्यासाठी ही मदत रोजचीच आहे.

मालगाडीचा गार्ड: इंजिन ज्या गाडीला दिले तिच्याबद्दल सर्वांनी लिहिले, म्हणून मागे राहिलेल्या गाडीबद्दल लिहितो. आमचे इंजिन गेले तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. वॅगनचे हॅण्डब्रेक आवळून आणि चाकांखाली पाचरी ठोकून मी ब्रेकव्हॅनमध्ये (गार्डच्या डब्यात) बसलो. थोड्या वेळाने तीच एक्स्प्रेस आमच्याच इंजिनामागून माझ्या शेजारून निघाली. मी हिरवा दिवा दाखवला आणि तिच्या गार्डने आपला दिवा हलवून उत्तर दिले. आम्हाला दुसरे इंजिन मिळाले तेव्हा उजाडले होते.