मदत हवी आहे: पाइपमधून प्रवाह सोडला की कंपन वाढतच जातंय

सांगलीत एमटेक करतोय, प्रोजेक्ट समुद्रातल्या लवचिक रायझरचा, म्हणजे समुद्रतळापासून वर तेल-वायू आणणाऱ्या पाइपचा (कृष्णाकाठी बसून समुद्राचं गणित, असो). पाइप सरळ उभा, ३०० मीटर, दोन्ही टोकं पिन्ड (जागेवर धरलेली, पण वळू शकणारी), टेन्शन वरून खाली कमी होत जातं, पायथनमध्ये बीम एलिमेंट (पाइपचे छोटे तुकडे करून गणित) आणि वेळेत पुढं जायला न्यूमार्क पद्धत.

आत प्रवाह नसेल तर सगळं बरोबर, फ्रिक्वेन्सी हातानं काढलेल्याशी जुळते. आत ५ मी./से. प्रवाह सोडला की फ्रिक्वेन्सी थोडी उतरते, ते अपेक्षितच आहे कारण एमयूस्क्वेअर टर्म (आतल्या द्रवाचं दर मीटर वस्तुमान गुणिले प्रवाहाच्या वेगाचा वर्ग) टेन्शन खाते, पण अँप्लिट्यूड हळूहळू वाढतच जातं. प्रवाहाचा वेग क्रिटिकलच्या (ज्या वेगाला पाइप अस्थिर होतो त्याच्या) बराच खाली आहे, पिन्ड टोकांना कोरिऑलिस टर्मनं (हलत्या, वळत्या पाइपमधून वाहणाऱ्या द्रवामुळं येणारा फोर्स) एनर्जी घालायलाच नको ना. लाटा बंद केल्या, मॉरिसनचा ड्रॅग (बाहेरच्या पाण्याचा विरोध) काढला, तरी तेच. टाइम स्टेप लहान केली तर वाढ मंदावते, थांबत नाही. मेश बारीक करून फरक नाही.

कोरिऑलिस टर्म मी मागच्या टाइम स्टेपमधल्या पाइपच्या वेगावरून काढून समीकरणाच्या उजव्या बाजूला फोर्स म्हणून देतोय. ऑर्काफ्लेक्सचं (अशा गणिताचं तयार सॉफ्टवेअर) लायसन्स नाहीये, त्यामुळं ते वापर असं कृपया सांगू नका.

ही वाढ त्या मागच्या स्टेपमुळंच येतेय का, आणि टर्म डाव्या बाजूला डॅम्पिंग मॅट्रिक्समध्ये घातली तर तो मॅट्रिक्स पूर्ण स्क्यू-सिमेट्रिकच (ट्रान्स्पोज केला की फक्त चिन्ह बदलतं असा) यायला हवा का?