पुढच्या चाकाचं बेअरिंग घरीच बदलायचंय, जुनी फोर बाय फोर आहे, नट किती आवळायचा?

रानवाट
मंडळी, गाडी जुनी आहे, पुढे सॉलिड एक्सल, हाताने फिरवायचे लॉकिंग हब (चाक एक्सलला जोडणारं-सोडणारं कुलूप). हल्ली पुढून घूंऽऽ असा आवाज येतोय, साठच्या वर गेलं की जास्तच, डावीकडे वळण घेतलं की वाढतो आणि उजवीकडे घेतलं की जवळपास बंद होतो. जॅकवर घेऊन उजवं चाक वर-खाली हलवलं तर चांगलंच डुगडुगतंय. पाने आहेत, गोट्या (सॉकेट) आहेत, टॉर्क रेंच आहे, बेअरिंग दाबून बसवायचा प्रेस मात्र नाही. प्रेसशिवाय हे काम होतं का, आणि मुख्य म्हणजे बेअरिंगवरचा तो आतला नट नेमका किती आवळायचा, कारण ज्याला विचारावं तो "हाताला कळतं" एवढंच सांगतो, माझ्या हाताला काही कळत नाही.

चिखलतुडव्या
आवाजाचं बरोबर ओळखलंय, डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर येतो. पण नुसत्या डुगडुगण्यावरून बेअरिंग आणू नका. कोणाला तरी ब्रेक दाबून बसवा आणि परत हलवून बघा. ब्रेक दाबल्यावर प्ले, म्हणजे ढिलेपणा, गेला तर व्हील बेअरिंग. तरीही हलतंय तर दुखणं आतलं, म्हणजे चाक ज्या सांध्यावर वळतं तिथलं, किंगपिनचं बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, गाडीला जे असेल ते. आणि चाक आडवं धरून हलवल्यावरच प्ले येत असेल तर टाय रॉडचे (स्टिअरिंगच्या दांड्याचे) एंड बघा.

रानवाट
बघितलं, ब्रेक दाबला की एकदम घट्ट. म्हणजे बेअरिंगच.

गोटीपाना
प्रेस लागत नाही. तुमच्याकडे टेपर रोलरची (निमुळत्या रोलरच्या बेअरिंगची) जोडी असणार, एक आत एक बाहेर. प्रेस लागतो तो सीलबंद बेअरिंग नकलमध्ये (एक्सलच्या टोकाला चाकाबरोबर वळणारा भाग) दाबून बसवलेलं असतं त्या गाड्यांना.

मागच्या चाकांना दगड, एक्सलखाली घोडी (स्टँड), मगच चाक काढा. कॅलिपर सोडला की तारेने वर बांधा, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत ठेवू नका. मग लॉकिंग हब, सर्क्लिप, आणि खाली दोन मोठे नट, मध्ये लॉक वॉशर, त्याचे कान वाकवलेले असतात ते आधी सरळ करा. लँड क्रूझर ८० ला या नटाला ५४ एमएमची गोटी लागते, तुमच्या गाडीचं माप घेऊन आणा पण गोटीच आणा. छिन्नी-हातोड्याने नट फिरवणारे खूप आहेत, त्यांनी खाल्लेले नट बघितले की कळतं आधी इथे कोण येऊन गेलंय. काही गाड्यांना हबच्या स्टडवर शंकूसारखे छोटे वॉशर असतात, ते अडकून बसतात, नट दोन-चार आटे ठेवून पितळी हातोडीने ठोका म्हणजे सुटतील आणि उडून हरवणार नाहीत.

हब हातात आला की जुन्या रेस (रोलर ज्यावर फिरतात त्या बाहेरच्या कड्या) पितळी पंचने मागून ठोकून काढा, आत त्यासाठी खाचा ठेवलेल्या असतात, आळीपाळीने दोन्हीकडून ठोका नाहीतर तिरकी होऊन अडकते. नवी बसवताना जुनी रेस उलटी धरून तिच्यावर ठोका. पूर्ण बसली की आवाज बदलतो, आधी बद्द येतो मग एकदम टणक, तो आला की थांबा. नव्या बेअरिंगबरोबर रेस नवीच हवी, जुन्या रेसवर नवे रोलर चालवू नका. बेअरिंगचा नंबर रेसवर कोरलेला असतो, तो वाचून मागवा.

चिखलतुडव्या
यात एक घाला, धुतलेलं बेअरिंग कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवायची काहींना हौस असते, ते करू नका. ग्रीस नसताना त्या वेगाला रोलर सुटून तोंडावर येऊ शकतात. जुनं ग्रीस पूर्ण पुसा, वेगळ्या जातीची दोन ग्रीस मिसळली की कधीकधी पातळ होऊन वाहतात. लिथियम कॉम्प्लेक्स, दोन नंबरचं, चालतं. तळहातावर गोळा घ्या आणि बेअरिंगची रुंद बाजू त्यावर दाबत जा, वरून रोलरच्या फटीतून ग्रीस बाहेर येईपर्यंत, नुसतं बाहेरून माखलं म्हणजे भरलं असं नाही.

रानवाट
हब उघडला. आतल्या बेअरिंगच्या रेसवर खड्डे पडलेत, रोलरही निळसर झालेत. पण आत ग्रीस असं नाहीच, काळं पातळ तेलासारखं आहे, वासही गिअर ऑइलचा. हे काय?

गोटीपाना
मग बेअरिंग मेलं ते याच्यामुळे. डिफरन्शियलचं तेल एक्सलच्या आतल्या सीलमधून नकलमध्ये आलंय, तिथून स्टब एक्सलमधून (ज्यावर बेअरिंग बसतं तो पोकळ दांडा) हबपर्यंत. नुसतं बेअरिंग बदललं तर नवं ग्रीसही असंच धुऊन जाईल. नकल उघडून आतलं सील बदला, काम वाढेल पण इलाज नाही. डिफरन्शियलचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं तोंड) पण बघा, चिखलाने बुजला की आत दाब वाढून तेल सीलमधून बाहेर ढकललं जातं. आणि स्टब एक्सलवर नखाने चाचपा, जिथे बेअरिंगची आतली रिंग बसते तिथे ओरखडा किंवा खाच लागली तर तोही बदलायचा.

रानवाट
ब्रीदर बुजलेलाच होता, मातीने गच्च. सील आणतो. आता नटाचं सांगा.

जुनापत्रा
मी सांगतो. लँड क्रूझर ८० ला आतला नट सुमारे ६० न्यूटन मीटरला आवळतात, हब दोन्हीकडे फिरवत, म्हणजे रेस आणि रोलर बसतात. मग तो हाताने फिरेल इतका सैल करायचा आणि परत हलकं आवळायचं, अगदी ५-६ न्यूटन मीटर. नंतर व्हीलच्या एका स्टडला स्प्रिंगचा काटा अडकवून आडवा खेचा, बॅगेचं वजन बघायचा काटाही चालतो. हब फिरायला लागतो त्या क्षणी साधारण तीन ते साडेपाच किलो दिसायला हवं. तुमच्या गाडीचे आकडे तिच्या मॅन्युअलमधून घ्या, पद्धत हीच. कॅलिपर बसवायच्या आधी करा, पॅड घासले तर काटा खोटं बोलतो.

गोटीपाना
काटा-बिटा ठीक आहे पण प्ले शून्य आणि हब मोकळा फिरतोय एवढं बघितलं तरी वर्षानुवर्षं चालतात.

जुनापत्रा
तुमचा हात बसलाय म्हणून. मोकळा फिरतोय म्हणजे किती हे नवीन माणसाला कळत नाही, आणि सैल राहिलं तर मोठ्या टायरने महिन्यात परत डुगडुग. आणखी एक, बाहेरचा लॉक नट आवळला की तो आतल्याला आट्यांमधल्या फटीएवढा आत ढकलतो, म्हणजे लावलेलं सेटिंग घट्ट होतं. म्हणून काटा लॉक नटनंतर परत लावायचा, आकडा वर गेला असेल तर दोन्ही सोडून आतला जरासा मागे. वॉशरचे कान त्याच्यानंतर वाकवा, एक आतल्या नटावर एक बाहेरच्या.

रानवाट
काटा घरात आहे. डावीकडे आवाज नाही, ती बाजू पण उघडू का?

चिखलतुडव्या
उघडाच. ब्रीदर दोन्ही बाजूंना एकच आहे, तिकडचं ग्रीसही पातळ झालं असेल. बेअरिंग चांगलं निघालं तर धुऊन नवीन ग्रीस भरा, हबचं ऑइल सील मात्र नवीनच टाका. मग थोडं चालवून थांबा आणि दोन्ही हबना हात लावून बघा, एक कोमट आणि दुसरा चटका देणारा असेल तर त्या बाजूचा नट जास्त आवळलाय.