मदत हवी आहे : जुन्या अमेरिकन चांदीच्या चमच्यांवरचे छाप कसे वाचायचे?

नमस्कार मंडळी,

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन चांदीतलं कळणारं कोणी इथे आहे का?

मी ऱ्होड आयलंडमध्ये राहते. आमच्या शेजारच्या आजी (अमेरिकन आहेत, पण आमची मुलं त्यांना आजीच म्हणतात) घर आवरून मुलाकडे राहायला चालल्या आहेत. घराण्यातले जुने चमचे त्यांना नातवंडांत वाटायचे आहेत आणि प्रत्येकाला सोबत एक चिठ्ठी द्यायची आहे: चमचा कोणी घडवला, कधीचा, घरात कोणाकडून आला. शेवटचं त्यांना पक्कं ठाऊक आहे. पहिल्या दोन गोष्टी शोधायचं मी कबूल केलंय. चिठ्ठी पुढच्या पिढ्या जपून ठेवतील, त्यामुळे तिच्यात अंदाजपंचे काही लिहायचं नाही.

चमचे दोन तऱ्हेचे आहेत. पाच लहान चमचे वजनाला अगदी हलके, पत्रा पातळ. दांड्याच्या मागे एका ओळीत नाव ठोकलेलं आहे, पण ते झिजलंय. सुरुवातीला ‘गोर’ लागतं, नंतर बरंच पुसट, आणि मग ‘वेबस्टर’ स्वच्छ. पुढे काही होतं की नाही ते कळत नाही. साल नाही, शहर नाही, सिंह किंवा जहाजाचा नांगर असं चित्रही नाही. पुढच्या बाजूला वळणदार अक्षरांत मालकाची आद्याक्षरं कोरलेली आहेत.

दुसरा एक मोठा वाढायचा चमचा. त्यावर ‘१८४७ रॉजर्स ब्रदर्स’ असं लखलखीत वाचता येतं. आजींच्या घरात तोच सगळ्यांत जुना आणि मौल्यवान मानला जातो, कारण त्यावर सालच आहे. पण हाताला तो लहान चमच्यांपेक्षा फार वेगळा लागतो. दांड्याच्या पाठीवर, जिथे तो टेबलाला टेकतो तिथे, खालून पिवळसर धातू डोकावतो.

माझे मामा गावाकडे सराफ आहेत. फोटो बघून ते म्हणाले, “लहान चमचे चांदीचे वाटतात, मोठ्यावर मुलामा असावा. कसोटीवर कस लावून टंच, म्हणजे चांदीची शुद्धता बघ, म्हणजे काळही कळेल.” आजींच्या चमच्यावर ओरखडा काढायला मन धजत नाही. टंचावरून खरंच काळ सांगता येतो का? आणि ‘वेबस्टर’ म्हणजे नेमका कोण?

प्रतिसाद

ताई, आधी एक विनंती. कस लावू नका, आणि चकाकी आणायला पॉलिशही करू नका. छाप झिजतो तो बहुतेक वेळा पिढ्यान्‌पिढ्यांच्या घासण्यानेच. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ फडकं, बस्स.

मी बोस्टनजवळ राहतो आणि इथल्या संग्रहालयांत जुनी चांदी बघत बघत या विषयात गुंतलो. तुमच्या प्रश्नाची किल्ली भागीदारीत आहे, म्हणून थोडं मागे जातो.

इंग्लंडमध्ये चांदीची वस्तू सरकारमान्य ठिकाणी तपासून घ्यावी लागे, आणि तिच्यावर दरवर्षी बदलणारं एक अक्षर उमटे. त्यामुळे तिथे साल वाचता येतं. अमेरिकेत अशी व्यवस्था जवळपास नव्हतीच; बाल्टिमोरने १८१४ ते १८३० या काळात ती चालवली, तेवढाच मोठा अपवाद. बाकी सगळीकडे सोनाराचं नाव हीच हमी. गिऱ्हाईक चांदीचे स्पॅनिश डॉलर आणून द्यायचं, सोनार ते वितळवून पेला किंवा चमचे घडवायचा. चांदी हिणकस निघाली तर नाव त्याचं जाणार. म्हणून इथे साल शोधायचं तर कोण कोणाचा भागीदार होता आणि किती वर्षं, हे शोधावं लागतं. नाव बदललं की ठसा बदलतो.

ही रीत अगदी पहिल्यापासूनची. बोस्टनच्या जॉन हल यांना १६५२ मध्ये मॅसॅच्युसेट्सची टांकसाळ सोपवली गेली, तेव्हा त्यांनी रॉबर्ट सँडरसन यांना भागीदार केलं. सँडरसन लंडनमध्ये शिकून आलेले. त्यांनी घडवलेल्या पेल्यांवर दोघांचेही ठसे शेजारी शेजारी दिसतात. न्यूयॉर्कच्या मायर मायर्स आणि बेंजामिन हॅलस्टेड यांची १७६० च्या दशकातली भागीदारीही अशीच जोडठशावरून ओळखतात. थॉमस फ्लेचर आणि सिडनी गार्डिनर यांनी १८०८ मध्ये बोस्टनला दुकान काढलं आणि १८११ मध्ये ते फिलाडेल्फियाला गेले. तेव्हा दोघांच्या नावासोबत फिलाडेल्फिया दिसलं की वस्तू १८११ नंतरची.

आता तुमचे चमचे. जेबेझ गोरम हे तुमच्याच राज्यातले, प्रॉव्हिडन्सचे. ते आधी दागिने करायचे. १८३१ मध्ये त्यांनी चमचे घडवणाऱ्या हेन्री वेबस्टर यांना सोबत घेतलं आणि ‘गोरम अँड वेबस्टर’ सुरू झालं. १८३७ मध्ये तिसरा भागीदार आला आणि नाव झालं ‘गोरम, वेबस्टर अँड प्राइस’. पुढे वेबस्टर बाहेर पडले, जेबेझनी मुलगा जॉन याला घेतलं, आणि १८४० च्या दशकात ‘जे. गोरम अँड सन’ असा ठसा आला. या जॉननेच पुढे यंत्रं आणून घरगुती कारखान्याचा प्रचंड उद्योग केला. सिंह, नांगर आणि ‘जी’ ही तीन चिन्हं त्या पुढच्या काळातली. ती तुमच्या चमच्यांवर नाहीत, हे जुळतंच.

म्हणजे सगळं एका ‘अँड’वर येऊन ठेपतं. तो वेबस्टरच्या आधी असेल तर चमचे १८३१ ते १८३७ मधले. वेबस्टरच्या नंतर असेल तर १८३७ नंतरच्या थोड्या वर्षांतले. पाचही चमचे बघा. सगळे एकाच जागी झिजत नाहीत. खोलीत अंधार करून टॉर्च अगदी आडवा धरा, भिंगातून बघा, फोटो काढून मोठे करा.

टंचाबद्दल मामांचं म्हणणं वाया जाणारं नाही, पण इथे त्यावरून काळ ठरणार नाही. अमेरिकन नाण्यांतली चांदी १७९२ च्या कायद्याने हजारात सुमारे ८९२ भाग होती, १८३७ पासून ९००. योगायोगाने तुमची सीमारेषाही १८३७ च आहे, म्हणून मोह होईल. पण सोनार जुनी नाणी, मोडीची चांदी, सगळं एकत्र आटवायचे, त्यामुळे एवढ्या बारीक फरकाला अर्थ उरत नाही. चांदी आहे एवढं खात्रीने हवं असेल तर एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी धातू तपासणारं यंत्र असलेल्या जवाहिऱ्याकडे जा, ओरखडा लागत नाही. ९२५ च्या घरात आकडा आला तरच मला पुन्हा विचार करावा लागेल, कारण गोरमनी स्टर्लिंग, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदीचं प्रमाण, १८६८ मध्ये स्वीकारलं.

रॉजर्सबाबत आजींना हळुवारपणे सांगा. कनेटिकटमधल्या हार्टफर्डच्या रॉजर्स बंधूंनी विजेच्या मुलाम्याचे चमचे १८४७ मध्ये बाजारात आणले. तो आकडा त्यांच्या मालाची ओळख झाला. १८६२ मध्ये तो ठसा मेरिडन ब्रिटानिया कंपनीकडे गेला, १८९८ पासून इंटरनॅशनल सिल्व्हरकडे, आणि तरीही १८४७ ठोकलं जातच राहिलं. हल-सँडरसन यांच्या टांकसाळीतही हेच झालं होतं: तीस वर्षं शिलिंग पाडले, पण बहुतेक सगळ्यांवर साल १६५२ च. चमच्याची नक्षी कोणती आहे ते कळवलंत तर त्याचा काळ बराच जवळ आणता येईल.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. काल रात्री पाचही चमचे टॉर्चखाली बघितले. तिसऱ्या चमच्यावर ‘गोरम’ पूर्ण लागलं आणि त्याच्या लगेच पुढे ‘अँड’चं चिन्ह, मग वेबस्टर. वेबस्टरनंतर पत्रा कोरा आहे, ठशाची खूण नाही. म्हणजे १८३१ ते १८३७ लिहू ना?

आजींना सांगितलं. रॉजर्सचं ऐकून त्या थोड्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या की तो चमचा आईच्या हातात रोज असायचा, तेव्हा तो त्यांनाच हवा. मोठ्या चमच्याच्या दांड्यावर द्राक्षांचे घोस आहेत, त्याचा फोटो टाकते आहे.

प्रतिसाद

लिहा, बिनधास्त लिहा. फक्त पाच चमच्यांपैकी कोणत्यावर छाप वाचता आला तेही चिठ्ठीत नोंदवा, आणि फोटोची प्रत प्रत्येकाला द्या. वाटणी झाल्यावर बाकीच्या चौघांकडे पुरावा राहणार नाही. द्राक्षांची नक्षी पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या वर्षांत फार खपली, आता फोटो बघून सांगतो. आणि प्रॉव्हिडन्स तुम्हाला जवळच आहे. तिथल्या ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनच्या संग्रहालयात गोरमचा मोठा संग्रह आहे, कंपनीचे जुने कागद ब्राउन विद्यापीठाकडे आहेत. दोन्हीकडे फोटोसह ईमेल करा. आजी असेपर्यंत उत्तर आलं तर त्यांच्याच अक्षरात चिठ्ठीत भर घालता येईल.