मदत हवी आहे: जावाबाहेरची इंडोनेशियन भुतं

मंडळी, काल ‘ताकुत: फेसेस ऑफ फिअर’ (2008) हा इंडोनेशियन चित्रपट पाहिला. सहा भयकथा एकत्र. दिग्दर्शक रीरी रिझाच्या कथेत जावानीज घरात क्रिस, म्हणजे नागमोडी पात्याची कट्यार, धुण्याचा विधी चालतो आणि शहरी मुलगी नाक मुरडते. मला थेट आपली खंडेनवमी आठवली! त्यातली ‘दारा’ ही कथा मात्र जेवताना बघू नका.

पण हजारो बेटांच्या देशात भीती सगळी जावा-जकार्ताचीच का? बालीचा लेयाक (आतडी लोंबकळत उडणारं मुंडकं), सुमात्रातले बाताक लोक, पापुआ प्रांत, यांच्यावर तिथल्याच लोकांनी केलेलं काही माहीत आहे का? ‘रानटी लोकांचा जादूटोणा’ छापाचं नको. इंग्रजी सबटायटल्स असली तरी चालेल.