विषय: ऑटिझम थेरपीची सरकारी रांग – मुलगा दोन वर्षं दहा महिन्यांचा आहे, आत्ता काय करू?

समितीकडून: एका सभासद ताईंच्या विनंतीवरून खालचा मेल नाव न देता पाठवत आहोत. उत्तरं लिस्टवरच द्यावीत, म्हणजे इतरांनाही उपयोग होईल.

नमस्कार मंडळी,

घरात अजून सगळ्यांना सांगितलेलं नाही, म्हणून नाव लिहीत नाही. राग मानू नका.

मागच्या मंगळवारी बालरोगतज्ज्ञांनी माझ्या मुलाला ऑटिझम असल्याचं लेखी दिलं. तो चार शब्द बोलतो: पाणी, नाही, बस आणि चाक. हाक मारली तर वळत नाही, पण पलीकडच्या खोलीत बिस्किटाचा पुडा फोडला की धावत येतो. सासूबाई म्हणायच्या, याचा बाबासुद्धा तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. मी ते ऐकलं आणि थांबले. ते आठ महिने मला आता झोपू देत नाहीत.

ओंटारिओ ऑटिझम प्रोग्राम या आपल्या (कॅनडातल्या ओंटारिओ) प्रांताच्या सरकारी योजनेतून थेरपीसाठी निधी मिळतो, पण त्यासाठी पाच-पाच वर्षं थांबावं लागतं असं ऐकते. म्हणजे पैसे येतील तेव्हा तो आठ वर्षांचा असेल. घरात एक पगार आहे, खाजगी थेरपीचे तास झेपणारे नाहीत. मग नोंदणी करून उपयोग काय? आणि एका थेरपिस्टने सांगितलं, घरात मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला. आजी-आजोबांना इंग्रजी येत नाही. त्यांनी त्याच्याशी बोलायचंच नाही का?

– ब्रॅम्प्टनहून एक आई

---

उत्तर 1

ताई,

हा मेल वाचून झाला की आजच नोंदणी करा, बाकीचं मग वाचा. ॲक्सेस-ओएपी, म्हणजे या प्रोग्रामची नोंदणी बघणारी संस्था, तिच्या संकेतस्थळावर खातं उघडायचं आणि तीन गोष्टी जोडायच्या: निदानाचं लेखी पत्र, वयाचा पुरावा, ओंटारिओत राहत असल्याचा पुरावा. नोंदणीच्या तारखेनुसारच बोलावणं येतं. गरज किती मोठी आहे यावर रांगेतला नंबर बदलत नाही. म्हणून एक दिवसही घालवू नका.

माझी मुलगी आता नऊ वर्षांची आहे. आमची नोंदणी 2019 ची, निधीसाठी बोलावण्याचं पत्र आलं 2023 च्या शेवटी. आणि तेही मला वेळेत दिसलं नाही, कारण ते मी वापरणं सोडलेल्या ईमेलवर गेलं होतं. नंतर फोनवर फोन करून प्रकरण मार्गी लागलं, पण त्या तीन आठवड्यांत मला अन्न गोड लागलं नाही. पत्ता, फोन, ईमेल बदलला की त्याच दिवशी खात्यात बदला. घर बदलण्याच्या गडबडीत हेच राहून जातं.

रांग मोठी आहे, हे खरं. नोंदणी झालेली मुलं 60,000 च्या वर आहेत आणि निधी मिळणारी त्याहून फार कमी. हा अन्याय आहे. 2019 मध्ये लहान मुलांना वर्षाला जास्तीत जास्त 20,000 डॉलर आणि सहा वर्षांपुढच्यांना 5,000 अशी सरसकट योजना जाहीर झाली होती. तेव्हा टोरांटोत क्वीन्स पार्कसमोर, म्हणजे प्रांताच्या विधिमंडळासमोर, निदर्शनं झाली. मुलीला कडेवर घेऊन मीही गेले होते. ती योजना मागे घेतली गेली आणि गरजेनुसार निधी ही आजची पद्धत आली. आईवडील बोलले म्हणून ती आली.

पण ताई, रांग आहे ती मुख्य निधीसाठी. नोंदणी झाली की काही दारं त्याआधीच उघडतात, आणि तुमच्या मुलाच्या वयाला त्यातलं एक फार महत्त्वाचं आहे. 12 ते 48 महिन्यांच्या मुलांसाठी असा कार्यक्रम आहे, ज्यात पालकांनाच शिकवतात: खेळताना, जेवताना, अंघोळीच्या वेळी मुलाचं लक्ष कसं मिळवायचं, त्याने मागितलं तर लगेच न देता क्षणभर कसं थांबायचं. फुकट आहे. तुमचा मुलगा 34 महिन्यांचा आहे, म्हणजे हातात चौदा महिने. नोंदणी झाल्यावर बोलावण्याची वाट बघत बसू नका, फोन करून विचारा.

दुसरं म्हणजे शाळेत पहिल्यांदा जाणाऱ्या 3 ते 6 वर्षांच्या मुलांसाठीचा कार्यक्रम. सहा महिने छोट्या गटात बसायचं कसं, रांगेत उभं राहायचं कसं, दप्तर अडकवायचं कसं, हे शिकवतात आणि शाळा सुरू झाल्यावरही साथ देतात. तिसरं, पालकांसाठी कार्यशाळा आणि मार्गदर्शन, ज्यांना रांगच नाही. या कार्यशाळांत मला पहिल्यांदा कळलं की माझ्या मुलीचं डोकं आपटणं हा हट्ट नव्हता. मिक्सरच्या आवाजाने ती घाबरायची. मिक्सर मी ती झोपल्यावर लावू लागले आणि महिन्याभरात ते आपटणं जवळजवळ थांबलं. कधी परिस्थिती इतकी बिघडली की मुलाला स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याची भीती आहे, तर तातडीची सेवाही आहे, जास्तीत जास्त 12 आठवड्यांची.

ऑटिझम प्रोग्रामच्या बाहेरही एक दार आहे: प्रीस्कूल स्पीच अँड लँग्वेज, म्हणजे शाळेआधीच्या मुलांना बोलायला मदत करणारी सेवा. डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, आपण स्वतः फोन करायचा. मात्र ते शाळा सुरू होईपर्यंतच, म्हणून आधी तिथे नाव घाला. कानांची तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या. पुड्याचा आवाज ऐकू येणं म्हणजे सगळे आवाज ऐकू येणं नव्हे.

आता भाषेचं. मराठी बंद करू नका. दोन भाषांमुळे ऑटिझम असलेल्या मुलाचं बोलणं मागे पडत नाही, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. मी दोन वर्षं मोडक्यातोडक्या इंग्रजीत लेकीशी बोलत होते. त्या दोन वर्षांत मी तिला एकदाही अंगाई म्हटली नाही. याची भरपाई होत नाही, ताई. आजीला बोलू द्या, गाऊ द्या, 'चाक' म्हटलं की 'लाल चाक' म्हणू द्या. भेटींना दुभाषा मागायलाही लाजू नका.

एक शेवटचं. पत्र येईल तेव्हा एक केअर कोऑर्डिनेटर मुलाच्या गरजांबद्दल सविस्तर विचारतील: बोलणं, खेळणं, जेवण, झोप, कपडे, वागणं. त्यावरून आणि वयावरून रक्कम ठरते, वर्षाला 6,600 पासून 65,000 डॉलरपर्यंत. आपल्या लोकांची सवय असते, कुणी विचारलं की 'तसा काही त्रास नाही हो, गुणी आहे' म्हणायचं. तिथे तसं म्हणू नका. तुम्ही शेजारी बसल्यामुळे तो दोन घास खातो, तर तुम्ही उठलात की काय होतं ते सांगा. आजपासून एका वहीत तारखेनिशी लिहीत जा: किती वेळा उठला, काय खाल्लं, बाहेर कुठे पळाला. चार वर्षांनी ऐनवेळी हे आठवत नाही.

– मिसिसॉगाची एक आई

---

उत्तर 2

ताई,

वरच्या मेलमध्ये थेरपीबद्दल सगळं आलं आहे, मी पैशांचं आणि शाळेचं सांगतो. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे.

डिसॅबिलिटी टॅक्स क्रेडिटचा, म्हणजे अपंगत्वासाठीच्या करसवलतीचा, टी-2201 फॉर्म आत्ताच भरा, त्याला रांग नाही. एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा डॉक्टरांनी. मंजूर झाला तर मागच्या दहा वर्षांपर्यंतचे करही पुन्हा तपासून घेता येतात, आणि चाइल्ड बेनिफिटमध्ये, म्हणजे मुलांसाठी सरकारकडून दरमहा येणाऱ्या पैशांत, अपंगत्वाची वाढीव रक्कम मिळते. फॉर्म भरून देतो म्हणत परताव्यातला हिस्सा मागणारे एजंट भेटतील. त्यांची गरज नाही. मी तीन कुटुंबांना फॉर्म भरायला मदत केली आहे, तुम्हालाही करीन. कठीण जातो तो डॉक्टरांचा भाग. दहा मिनिटांत त्यांना सगळं सांगता येत नाही, म्हणून एका पानावर लिहून द्या: त्याच्या वयाचं मूल काय करतं आणि आपला मुलगा काय करू शकत नाही.

मंजुरीनंतर मुलाच्या नावाने अपंगांसाठीची बचत योजना, आरडीएसपी, उघडता येते. त्यात केंद्र सरकार अनुदान घालतं, आयुष्यभरात 70,000 डॉलरपर्यंत. उत्पन्न कमी असेल तर आपण एक डॉलरही न घालता 20,000 पर्यंतचा वेगळा बाँड, म्हणजे सरकारने खात्यात घातलेली रक्कम, मिळू शकतो. आमच्यानंतर त्याचं कोण, हा विचार रात्री येतो तेव्हा मला त्या खात्याचा थोडा आधार वाटतो.

शाळेबद्दल. ज्युनियर किंडरगार्टन तो चार वर्षांचा होईल त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये सुरू होईल. नाव घालतानाच निदानाचं पत्र द्या आणि आयपीआरसी, म्हणजे मुलाची विशेष गरज आणि वर्ग ठरवणारी समिती, तिच्या बैठकीची मागणी लेखी करा. आईवडिलांनी लेखी मागितलं की मुख्याध्यापकांना मुलाचं नाव त्या समितीकडे पाठवावंच लागतं. आम्हाला एका शाळेत 'आधी वर्षभर बघू' असं तोंडी सांगितलं गेलं, आम्ही मान डोलावली आणि ते वर्ष वाया गेलं. सगळं ईमेलवर बोला.

निधी मिळाल्यावर थेरपिस्ट निवडताना एक बघा. 1 जुलै 2024 पासून ओंटारिओत बिहेवियर ॲनालिस्टना, म्हणजे वागणुकीवर थेरपी देणाऱ्यांना, कॉलेजकडे (त्यांच्या व्यवसायाच्या नियामक संस्थेकडे) नोंदणी लागते, आणि नोंदवही ऑनलाइन बघता येते. नाव तिथे शोधा. आणि थेरपीच्या खोलीत आईवडिलांना बसू न देणाऱ्या ठिकाणी, माझ्या मते, मूल ठेवू नये.

ते आठ महिने मनातून काढा, असं मी म्हणणार नाही, मला माझे दीड वर्ष अजून निघालेले नाहीत. पण तीन वर्षांच्या आत निदान लेखी हातात आहे. आमच्या वेळी ते पाचव्या वर्षी मिळालं.

– स्कारबरोहून एक बाबा

---

उत्तर 3

ताई, दादा,

काल रात्री साडेअकराला नोंदणी पूर्ण केली. पोच आली आहे, ती छापून फाइलला लावली. स्पीचसाठी आज सकाळी फोन केला, पहिली भेट कधी ते दोन आठवड्यांत कळवतील. कानांच्या तपासणीची चिठ्ठीही मागितली.

सासूबाईंना सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्याला मांडीवर घेऊन खेळण्यातल्या गाडीचं चाक फिरवत बसल्या, आणि प्रत्येक फेरीला 'लाल चाक' म्हणत होत्या. तो चाकाकडेच बघत होता. पण मांडीवरून उठला नाही.

दादा, टी-2201 साठी शनिवारी दुपारी फोन केला तर चालेल का? तोपर्यंत ते एक पान मी लिहून ठेवते.

– ब्रॅम्प्टनहून