१:३५ जीपसाठी ओंडक्यांचा पूल: काड्या कुठल्या, जाडी किती?

मानेवाडा_३५:
१९४४ च्या ब्रह्मदेश आघाडीचा १:३५ मापातला (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढा) छोटा देखावा करतोय. विलीस जीप, ५ मीटरचा नाला आणि त्यावर सॅपर्सनी (लष्कराच्या बांधकाम जवानांनी) टाकलेला पूल. बांबूच्या काड्या नको आहेत, सगळ्या एकसारख्या गोल दिसतात. सालीच्या काड्या नागपुरात कोणत्या घ्याव्यात? जाडी किती, फेविकॉल की सुपरग्लू? नाल्यात रेझिनचं पाणी (ओतल्यावर घट्ट होणारं पारदर्शक रसायन) ओतणार आहे.

तुराटीवाला:
भाऊ, आधी माप. १:३५ मध्ये १ मीटर म्हणजे २८.६ मिमी, म्हणून नाला १४३ मिमी. पण मुख्य ओंडके तेवढेच कापू नका. अगदी कडेवर भार आला की काठ ढासळतो. म्हणून काठापासून मागे एक आडवा ओंडका जमिनीत अर्धा पुरतात आणि पूल त्यावर टेकवतात. दोन्हीकडे एकेक मीटर मागे धरा, लांबी २०० मिमी होते. हा टेकू नसेल तर बाकी काम कितीही सुबक असो, पूल आणून ठेवल्यासारखा दिसतो.

जीपच्या दोन चाकांमधलं अंतर ३६ मिमी येतं. ७-८ मिमी जाडीचे दोन ओंडके बरोबर त्यांच्याखाली हवेत, बाहेरून आणखी एकेक. वर ९० मिमी लांब, ३.५-४ मिमी जाड काड्या. साधारण ५५ लागतात, ७० कापा, वाकड्या बाद होतातच. जाड टोक एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे ठेवा. सगळी जाड टोकं एका बाजूला आली तर पूल पंख्यासारखा उघडत जातो. खालची बाजू १२० च्या सँडपेपरवर थोडी सपाट केली की काडी डुगडुगत नाही.

काडीकाम_इतवारी:
वरच्या काड्यांना तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या), मुख्य ओंडक्यांना पऱ्हाट्या (कपाशीच्या). शहराबाहेर कुठल्याही शेताच्या बांधावर मिळतील. ओल्या वापरू नका; वाळताना लाकूड आकसतं आणि साल सुटते. सावलीत वाळवून तासभर १०० अंशांवर ओव्हनमध्ये ठेवा, नाहीतर पोखरकिडे आतून भुसा पाडत राहतात.

टोकं करवतीने कापू नका. कटरने दोन बाजूंनी तिरपे घाव घाला, कुऱ्हाडीचं तोडकाम दिसतं. मधला गर दिसला तर फेविकॉलमध्ये बारीक भुसा कालवून बुजवा. भुसा लकडगंजच्या आरागिरणीत मिळेल. आणि पूल करडा रंगवू नका! लाकूड नुकतंच तोडलेलं आहे, कापलेली टोकं पिवळसरच हवीत. रंग आधी, चिकटवणं नंतर. गोंद लागलेल्या जागी स्टेन (लाकडात मुरणारा रंग) मुरत नाही. फेविकॉलच घ्या, सुपरग्लूची पांढरी वाफ सालीवर बसते.

सांध्यांवर लोखंडी आकडे दाखवायचे तर मोटर वाइंडिंगच्या दुकानातली ०.५ मिमी तांब्याची तार ८ मिमीवर वाकवा.

मानेवाडा_३५:
पुलाच्या मधे घोडा (खालून आधार देणारा लाकडी सांगाडा) उभा करू का?

तुराटीवाला:
जीपला ५ मीटरच्या गाळ्यात गरज नाही. स्टुअर्ट रणगाडा नेणार असाल तर हवाच: खाली-वर आडवा ओंडका, मधे चार खांब, दोन तिरप्या कैच्या.

पण मग पाण्यात बुडणाऱ्या लाकडाला सँडिंग सीलरचे दोन हात द्या. कोरडं लाकूड रेझिन वर शोषतं, काळपट पट्टा चढतो आणि आतली हवा बुडबुडे होऊन बाहेर पडते. आपल्याकडच्या मे महिन्यात रेझिन पटकन तापतं, म्हणून एका वेळी ३ मिमीच ओता, पहिला थर पूर्ण थंड झाल्यावर दुसरा.